हरवलेल्या उपग्रहाचा माग: एस/२००२ एन ५ चं प्रकरण

ऑगस्ट २००२ मध्ये चिलीतल्या सेरो टोलोलो इथल्या ४ मीटर व्यासाच्या ब्लँको दुर्बिणीने नेपच्यूनच्या आजूबाजूचं आकाश टिपलं. त्या चित्रांत एक अतिशय मंद ठिपका नेपच्यूनच्या जोडीने सरकताना दिसला. मॅथ्यू होलमन, जे. जे. कॅव्हेलार्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या मोहिमेतून हॅलिमीड, साओ, लाओमेडिया आणि नेसो असे चार नवे उपग्रह पदरात पडले. हा ठिपकाही त्यांच्याच पंगतीला बसला असता, पण कक्षा ठरवण्याइतकी निरीक्षणं जमली नाहीत आणि तो हरवला.

सप्टेंबर २०२१ मध्ये खगोलशास्त्रज्ञ स्कॉट शेपर्ड यांना चिलीतल्याच लास कंपानासच्या ६.५ मीटर मॅगेलन दुर्बिणीतून नेपच्यूनजवळ एक उपग्रह सापडला. २०२२ आणि २०२३ची निरीक्षणं जोडून त्याची कक्षा ठरली. ती कक्षा गणिताने मागे नेली, तर ती त्या जुन्या ठिपक्यावरच जाऊन टेकली. २३ फेब्रुवारी २०२४ रोजी घोषणा झाली आणि नाव मिळालं एस/२००२ एन ५. ‘एस’ म्हणजे उपग्रह, ‘एन’ म्हणजे नेपच्यून, आणि वर्ष पहिल्या निरीक्षणाचं. घोषणा २०२४ची असली तरी नावात २००२ आहे, कारण त्या ठिपक्याचा मान राखला गेला.

मोठी दुर्बीण आली म्हणून उपग्रह सापडला, असं हे प्रकरण थोडक्यात सांगता येतं. ते अर्धंच खरं आहे. २००२ मध्येही तो दिसला होताच. तेव्हा प्रकाश कमी पडला नव्हता, काळाचा पल्ला कमी पडला होता. पल्ला म्हणजे नेमकं किती, हे आकडे मांडल्याशिवाय कळत नाही.

कक्षा आणि आकाशातलं माप

हा उपग्रह नेपच्यूनपासून सरासरी सुमारे २ कोटी ३४ लाख किमीवरून फिरतो आणि एका फेरीला जवळपास ८.६ वर्षं घेतो. कक्षा बरीच लांबट आहे, उत्केंद्रता सुमारे ०.४३ (पूर्ण वर्तुळाची ०), त्यामुळे दूरच्या टोकाला तो सव्वातीन कोटी किमीपलीकडे जातो. कक्षेचा कल ४६ अंशांच्या आसपास. दिशा मार्गी, म्हणजे नेपच्यून सूर्याभोवती फिरतो त्याच दिशेने. (हॅलिमीड, नेसो, सामथी हे वक्री, म्हणजे उलट दिशेने फिरणारे आहेत.) त्याचा नेपच्यूनभोवतीचा वेग सेकंदाला जेमतेम ०.५४ किमी, खुद्द नेपच्यून सूर्याभोवती ५.४ किमी वेगाने जातो.

नेपच्यूनची सत्ता मात्र फार दूरवर चालते. सूर्याच्या ओढीला न जुमानता ग्रह जिथपर्यंत उपग्रह धरून ठेवू शकतो तो हिल गोल इथे सुमारे ११ कोटी ६० लाख किमी त्रिज्येचा आहे. आकाशात ही त्रिज्या दीड अंशाची होते, म्हणजे शोधायचं वर्तुळ तीन अंश रुंद. पौर्णिमेचे सहा चंद्र शेजारीशेजारी ठेवले तर जेवढी रुंदी भरेल तेवढी. एस/२००२ एन ५ त्यात नेपच्यूनपासून साधारण १८ कलांच्या सरासरी अंतरावर असतो. (१ अंश = ६० कला, १ कला = ६० विकला.)

आता तेजस्विता. दृश्यप्रत (हा आकडा जितका मोठा, तितकी वस्तू मंद) सुमारे २६. नेपच्यूनची ७.८. दोघांत १८ प्रतींचा फरक, म्हणजे ग्रह उपग्रहापेक्षा जवळपास २ कोटी पट तेजस्वी. एवढ्या अंतरावर वस्तूचा प्रकाश आपल्यापर्यंत येता येता अंतराच्या चौथ्या घाताने घटतो: सूर्याकडून जाताना एकदा वर्गाने, तिथून आपल्याकडे येताना पुन्हा वर्गाने. हीच वस्तू गुरूपाशी असती तर सुमारे ८ प्रतींनी उजळ, म्हणजे १८व्या प्रतीची दिसली असती आणि चांगल्या हौशी दुर्बिणीनेही टिपता आली असती. शनीचे उपग्रह शेकड्यांत, गुरूचे शंभराच्या आसपास आणि नेपच्यूनचे १६च माहीत आहेत, त्यामागचं मोठं कारण हे आहे.

वीस दिवसांत काय कळतं आणि काय नाही

या प्रकरणाचा गाभा इथे आहे.

एखादी वस्तू नेपच्यूनला बांधलेली आहे हे ठरवायला सहा संख्या लागतात: तीन दिशांतलं स्थान आणि तीन दिशांतला वेग. चित्रावरून चारच मिळतात, आडवं-उभं स्थान आणि आडवा-उभा वेग. दृष्टिरेषेवरचं अंतर आणि त्या रेषेवरचा वेग दडलेला राहतो. तो उघड व्हायला मार्ग वाकलेला दिसावा लागतो. नेपच्यून उपग्रहाला आपल्याकडे खेचत असतो, त्यामुळे मार्ग सरळ राहत नाही. ही वक्रता मोजता आली की ओढ कळते, आणि ओढ कळली की अंतर कळतं.

आकडे घालू. २ कोटी ३४ लाख किमीवर नेपच्यूनची ओढ सेकंदाला सेकंदाला ०.०१२५ मिलिमीटरच्या घरात आहे. समजा पहिल्या ते शेवटच्या निरीक्षणापर्यंत वीस दिवस मिळाले. एवढ्या निरीक्षण-कंसात सरळ रेषेपासून मार्ग मधोमध किती सुटतो? सुमारे ४,७०० किमी. पृथ्वीवरून ते दिसतं ०.२२ विकला. इतक्या मंद ठिपक्याचं स्थान मोजण्यातली चूक साधारण ०.२ विकला. म्हणजे जे मोजायचं तेवढीच मोजमापातली चूक! ओढ अगदी नाही म्हटलं तरी चालतं, दुप्पट आहे म्हटलं तरी चालतं. आणि ही सगळी वक्रता आडवी दिसतेय असं धरून. ती दृष्टिरेषेच्या दिशेने असेल तर एवढीही दिसणार नाही.

कंस ६० दिवसांचा झाला की तोच फुगवटा २ विकला होतो, कारण तो काळाच्या वर्गाने वाढतो. दहापट स्पष्ट. म्हणून अशा कामात ‘तीन आठवडे’ आणि ‘दोन महिने’ यांच्यात केवळ तिपटीचा फरक नसतो.

वीस दिवसांच्या मापावरून वर्षानंतरचं स्थान सांगायला गेलं तर ओढीतली शंभर टक्के अनिश्चितता सुमारे ५ कलांच्या चुकीत रूपांतरित होते. मोठ्या कॅमेऱ्याच्या चौकटीत ५ कला मावतात, म्हणून वर्षाच्या आत पुन्हा गाठलं तर वाचवता येतं. तीन-चार वर्षं गेली की संपूर्ण कक्षाच अनिश्चित: २५ कला त्रिज्येच्या वर्तुळात कुठेही. तेव्हा जुन्या मापांचा शोधायला उपयोग उरत नाही. सगळं पहिल्यापासून.

दुसरी शक्यताही तेव्हा खुली होती: हा उपग्रह नसून वाटसरू असेल. नेपच्यूनपलीकडच्या कायपर पट्ट्यातल्या वा मोठ्या ग्रहांच्या दरम्यान फिरणाऱ्या सेंटॉर गटातल्या काही वस्तू सूर्यापासून ३० खगोलीय एककांवरून (१ एकक = पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर) जातात, आणि त्यांतली एखादी नेपच्यूनच्या दिशेला असली तर जवळजवळ नेपच्यूनच्याच वेगाने सरकताना दिसते. ओळखायची कसोटी वेगाची आहे. या अंतरावर सुटकेचा वेग सेकंदाला ०.७६ किमी, म्हणजे आकाशात नेपच्यूनच्या तुलनेत दिवसाला सुमारे ३ विकला. ठिपका त्याहून जोरात सरकत असेल तर तो बांधलेला नाही, विषय संपला. पण हळू सरकत असला म्हणून तो बांधलेलाच आहे असं म्हणता येत नाही, कारण दृष्टिरेषेवरचा वेग अजून झाकलेलाच आहे. ही कसोटी बाहेर काढण्यासाठी आहे, आत घेण्यासाठी नाही. अनेक उमेदवार इथेच अडकतात. खात्री काळच देतो: सेकंदाला १ किमीचा फरक असलेला वाटसरू वर्षभरात ३ कोटी किमीहून जास्त, म्हणजे आकाशात २५ कला भरकटतो आणि नेपच्यूनची साथ सोडतो. उपग्रह सोडत नाही.

एका रात्रीचं काम

अशा शोधासाठी वेळ निवडताना प्रतियुतीच्या, म्हणजे पृथ्वीवरून ग्रह सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला दिसतो त्या दिवसाच्या, आसपासच्या अमावास्या बघायच्या. २०२१ मध्ये नेपच्यूनची प्रतियुती १४ सप्टेंबरला होती आणि अमावास्या ७ सप्टेंबरला, म्हणजे महिना चांगला होता. प्रतियुतीला ग्रह सर्वांत जवळ असतो, रात्रभर वर असतो, आणि त्याची वक्री गती सर्वाधिक म्हणजे ताशी ४.२ विकला असते. ही गतीच आपल्या कामाची आहे.

५ मिनिटांचं एक चित्र, अशी ३ ते ४ तासांत ३६ ते ४८ चित्रं. पाचच मिनिटं का? तेवढ्या वेळात नेपच्यून ०.३५ विकला सरकतो. चांगल्या रात्री वातावरणामुळे ताऱ्याचा ठिपका ०.५ ते ०.७ विकला पसरतो. सरकणं त्या पसरण्याच्या आत राहिलं की उपग्रहाचा प्रकाश एका ठिकाणी साठतो. २० मिनिटांचं चित्र घेतलं तर तो दीड विकलेची रेघ होईल आणि प्रकाश पातळ पसरेल. फार छोटी चित्रं घेतली तर प्रत्येक वेळी कॅमेरा वाचून घेण्यात वेळ आणि वाचन-गोंगाट दोन्ही वाढतात.

मग चित्रं एकमेकांवर चढवायची, पण तारे जुळवून नव्हे, नेपच्यूनची गती जुळवून. प्रत्येक चित्र त्या त्या वेळेच्या नेपच्यूनच्या सरकण्याइतकं मागे घ्यायचं. असं केलं की ४ तासांत सगळे तारे १७ विकलांच्या समांतर रेघा होतात, ०.२ विकलेचा पिक्सेल धरला तर ८५ पिक्सेल लांब. आणि त्या रेघांच्या पावसात जो गोल ठिपका उरतो तो नेपच्यूनबरोबर चालणारा. उपग्रहाची स्वतःची गती ताशी ०.०९ विकलेपेक्षा फारशी जास्त नसते, चार तासांत ०.४ विकलेच्या आत, म्हणून त्याच्यासाठी वेगळी गती शोधत बसावं लागत नाही. ४० खगोलीय एककांवरची कायपर वस्तू ताशी ३.२ विकला सरकते, ती अशा बेरजेत ४ विकलांची छोटी रेघ होते आणि स्वतःहून वेगळी पडते. मुख्य पट्ट्यातले लघुग्रह तर एकेका चित्रातच रेघ ओढतात.

३६ चित्रांच्या बेरजेने संदेश आणि गोंगाटाचं गुणोत्तर सहापट होतं, म्हणजे जवळपास २ प्रती खोल जाता येतं. त्याची गरज किती आहे बघा: अंधाऱ्या जागेचं आकाशही दर चौरस विकलेला साधारण २१ प्रतीचं उजळ असतं. २६ प्रतीचा उपग्रह त्याच्या शंभराव्या हिश्श्याचा. मॅगेलनच्या ६.५ मीटर आरशावर त्याचे सेकंदाला दहा-बारा फोटॉन पडत असतील, आणि त्या चिमटीभर प्रकाशाला आकाशाच्या उजेडातून वेगळं काढायचं असतं. ही युक्ती २००२ मध्येही वापरात होती. नवं काय, तर मोठा आरसा आणि पुन्हा पुन्हा मिळालेल्या रात्री.

एक सवय इथे फार उपयोगी पडते. ३६ चित्रांची एकच बेरीज करून थांबायचं नाही. पहिली १२, मधली १२, शेवटची १२ अशा तीन बेरजा वेगवेगळ्या करायच्या आणि आलटूनपालटून बघायच्या. खरा उपग्रह तिन्हींत असतो, जवळजवळ जागच्या जागी. दोन तेजस्वी ताऱ्यांच्या रेघांची टोकं जिथे मिळतात तिथे गोल भासणारा डाग पडतो, तो एका बेरजेत असतो आणि दुसरीत नसतो. विश्वकिरणांचे ठिपके सरासरीऐवजी मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत) घेतला की निघून जातात. नेपच्यूनच्या अगदी जवळ मात्र सांडलेला प्रकाश सगळ्याच बेरजांत एकाच जागी राहतो, कारण तो नेपच्यूनबरोबरच हलतो. तिथे मिळालेल्या ठिपक्यावर दुसऱ्या रात्रीच्या पुराव्याशिवाय विश्वास ठेवू नये.

बिघडतं काय? बहुतेकदा हवा. पसारा ०.५ विकलेवरून १ विकलेवर गेला तर गुणोत्तर निम्मं होतं आणि तेवढीच खोली गाठायला चौपट वेळ लागतो. चार तासांचं काम सोळा तासांचं झालं, म्हणजे ती रात्र गेली. कॅमेऱ्याच्या चिपांमधल्या फटींत ठिपका नेमका पडू शकतो, म्हणून चित्रागणिक दुर्बीण थोडी थोडी हलवायची. एखादा तारा उपग्रहावर येऊन बसला तर त्या तासाची मापं टाकून द्यावी लागतात. तारा आणि उपग्रह मिळून काढलेलं ‘मधलं’ स्थान ठेवून दिलं तर ते पुढे कक्षेला वाकडं करतं, आणि ही चूक वर्षभराने लक्षात येते.

वर्षं जोडणं आणि मागे जाणं

२०२१ची मापं २०२२शी जोडली गेली तेव्हा उपग्रह असल्याचं पक्कं होत गेलं. २०२३ने कक्षा घट्ट केली. या पाठपुराव्यात मॅगेलन पुन्हा कामाला आली, आणि नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या मरिना ब्रोझोविच आणि बॉब जेकबसन यांनी कक्षा ठरवण्याचं काम केलं.

दोन वर्षांत ८.६ वर्षांच्या फेरीचा पाव भाग उरकतो. तेवढ्यावर १९ वर्षं मागे जाणं, म्हणजे सव्वादोन फेऱ्या उलट्या मोजणं, साध्या लंबवर्तुळाने जमत नाही. सूर्याची भरती-ओढ (नेपच्यून आणि उपग्रह यांच्यावरच्या सूर्याच्या ओढीतला फरक) उपग्रहाच्या सरासरी अंतरावर नेपच्यूनच्या ओढीच्या अर्धा टक्का आणि कक्षेच्या दूरच्या टोकाला दीड टक्क्यापर्यंत असते. तेवढी सोडून दिली तरी सव्वादोन फेऱ्यांत चूक कलांच्या घरात जाते आणि शोध भलत्याच जागी होतो. म्हणून सूर्य आणि मोठे ग्रह धरून, ट्रायटन या नेपच्यूनच्या सर्वांत मोठ्या उपग्रहाचं वस्तुमान नेपच्यूनमध्येच मिळवून, पावलापावलाने संख्यात्मक गणित चालवावं लागतं.

असं मागे जाऊन मिळालेली जागा म्हणजे ठिपका नसतो, अनिश्चिततेचं लांबुळकं वर्तुळ असतं, कक्षेच्या दिशेने ताणलेलं. जुना ठिपका त्यात पडला, एवढ्याने ओळख पटत नाही. सरकण्याची दिशा आणि वेग जुळायला हवा, प्रत जुळायला हवी, आणि जुनी-नवी सगळी मापं एकाच कक्षेत बसवल्यावर उरलेल्या चुका मोजमापाच्या चुकीएवढ्याच, कुठल्याही एका दिशेला न कललेल्या राहायला हव्यात. शेवटची अट सर्वांत कडक. चुकीचा ठिपका जबरदस्तीने बसवला तर २०२१-२३च्या चांगल्या मापांत लगेच झुकाव दिसू लागतो. जुन्या चित्रांसाठी आता एक सोय आहे जी २००२ मध्ये नव्हती: गाया अंतराळयानाची ताऱ्यांची यादी. त्या काळच्या याद्यांत ताऱ्यांच्या स्थानांतच ०.२ विकलेच्या आसपास चुका असत. गायाच्या ताऱ्यांवरून तीच चित्रं पुन्हा मोजली तर संदर्भाची चूक जवळजवळ नाहीशी होते.

जोडणी झाल्यावर फायदा केवढा होतो! १९ वर्षांच्या दोन टोकांना ०.३ विकलेची चूक धरली तरी परिभ्रमणकाळ काही तासांच्या अचूकतेने बांधला जातो. हरवण्याची भीती गेली. गुरूच्या थेमिस्टोचं असंच झालं होतं, १९७५ मध्ये दिसला, हरवला आणि २००० मध्ये पुन्हा हाती आला.

आकाराचा आकडा कसा वाचावा

घोषणेत व्यास सुमारे २३ किमी दिलेला आहे. तो मोजलेला नाही, प्रतीवरून काढलेला आहे, आणि त्यात पृष्ठभाग किती प्रकाश परतवतो याचं गृहीतक दडलेलं आहे. २६ प्रत आणि १० टक्के परावर्तन धरलं तर २३ किमी येतात. कोळशासारखा काळा, ४ टक्केवाला पृष्ठभाग धरला तर तोच प्रकाश ३६ किमीच्या वस्तूकडून येतो. त्यामुळे दोन ठिकाणी वेगळे व्यास वाचायला मिळाले तर कुणी चुकलं असं समजू नका, आधी परावर्तनाचा आकडा बघा.

कक्षा मात्र आकारापेक्षा जास्त बोलते. साओ आणि लाओमेडिया हेही मार्गी, त्यांचेही परिभ्रमणकाळ आठ-नऊ वर्षांच्या आसपास. तिघे एकाच मोठ्या वस्तूचे तुकडे असावेत, हा अर्थ त्यातून सरळ निघतो: बाहेरून आलेली वस्तू नेपच्यूनने पकडली आणि पुढे टक्करीत ती फुटली. त्याच दिवशी जाहीर झालेला एस/२०२१ एन १ हा सुमारे १४ किमीचा, जवळपास २७ वर्षांच्या कक्षेचा, आणि त्याची कक्षा नेसो-सामथीच्या कक्षेसारखी. तो एका प्रतीने आणखी मंद आहे. त्याचा शोध हवाईतल्या सुबारू दुर्बिणीच्या ८.२ मीटर आरशाने लागला, आणि त्याची कक्षा एवढी मोठी की तोच वीस दिवसांचा हिशोब त्याला लावला तर फुगवटा ०.०५ विकलेच्या आसपास येतो.

एस/२००२ एन ५ ला कायमचा क्रमांक आणि नाव मिळेल तेव्हा ते नेरिड जलकन्यांपैकी एखाद्या नावावरून पडेल, नेपच्यूनच्या दूरच्या उपग्रहांचा तसा प्रघात आहे. सप्टेंबर २०२१ पासून मोजलेली त्याची पहिली पूर्ण फेरी २०३०च्या पूर्वार्धात भरेल.